पृच्छकाचे दैवी मंत्र : असत्याचा निषेध आणि सूचितार्थाची पळवाट

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन ह्यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसलेले खेळाडू पात्रांच्या भूमिका घेतात आणि बोलण्यातूनच कथा घडवितात. अशा खेळात उक्ती हीच बहुधा कृती असते. म्हणून त्यातील मंत्रांच्या व्याख्या भाषाभ्यासकाने दुर्लक्षाव्यात अशा खचित नाहीत. देवतेच्या उपासनेतून सामर्थ्य मिळविणारा 'क्लेरिक' जेव्हा चौकशी करणाऱ्याची, म्हणजे पृच्छकाची, भूमिका घेतो, तेव्हा त्याने कोणते मंत्र पत्करावेत? 'झोन ऑफ ट्रूथ' हे सहज सुचणारे उत्तर होय. ते अयोग्य नव्हे. मात्र हा मंत्र बंदिवानाकडून सत्य वदवितो, ही समजूत नियमाच्या शब्दांवर टिकत नाही.

पाचव्या आवृत्तीत (२०१४) हा दुसऱ्या पातळीचा मंत्र असून त्याची व्याप्ती १५ फूट त्रिज्येची व मुदत १० मिनिटांची आहे. प्रतिकाराचा फासा ज्याला अनुकूल पडत नाही, त्याला त्या क्षेत्रात जाणूनबुजून असत्य बोलता येत नाही. परंतु मंत्राची जाणीव त्याला असते. तो गप्प राहू शकतो, आणि सत्याची मर्यादा न ओलांडता आडवळणाने उत्तरही देऊ शकतो. म्हणजे येथे निषेध आहे तो असत्य विधानाचा, फसवणुकीचा नव्हे. "काल रात्री तू कोठारात होतास काय?" ह्या प्रश्नावर "काल रात्री देवळात कीर्तन होते, मी तेथे गेलो होतो" हे उत्तर अक्षरशः खरे असू शकते, आणि तरी कोठारात शिरलेला चोर तोच असू शकतो. ग्राइस ह्याने 'लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन' ह्या लेखात (१९७५) उक्तार्थ व सूचितार्थ ह्यांत जो भेद केला, त्या भेदाच्या नेमक्या सीमेवर हा मंत्र थांबतो. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता द्रोणाचार्यांना सांगणारा युधिष्ठिर ह्या क्षेत्रात उभा असता, तर मंत्राने त्याला अडविले नसते. शिवाय भ्रमाने खोटे बोलणाऱ्यालाही मंत्राची आडकाठी नाही. तेव्हा ह्या मंत्राचे सारे यश प्रश्नाच्या बांधणीवर अवलंबून राहते. ज्याला पळवाट न ठेवता प्रश्न रचता येतो, त्याच्याच हाती तो शोभतो.

आवृत्त्यांमधील एक फरक येथे लक्षणीय आहे. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत, क्षेत्रावर टाकलेल्या मंत्राचा प्रतिकार कोणी यशस्वीपणे केला, हे मंत्र टाकणाऱ्याला कळत नसे. २०१४ च्या नियमाने ते कळू लागले. पृच्छकाची सोय झाली, ह्यात शंका नाही. पण ज्या संशयामुळे चौकशीच्या प्रसंगात प्राण येत असे, तो संशयच नाहीसा झाला. कथेच्या दृष्टीने जुना नियम सरस मानावा लागतो.

साडेतीन आवृत्तीतील 'डिसर्न लाइज' हा मंत्र क्लेरिकाला चौथ्या पातळीवर मिळतो आणि त्याची जात निराळी आहे. तो असत्याला बंदी घालीत नाही. बोलणारा जाणूनबुजून खोटे बोलला, एवढे तो पृच्छकाला कळवितो. खरे काय ते तो सांगत नाही, अनवधानाने झालेली चूक दाखवीत नाही, आणि टाळाटाळ उघडी पडेलच अशीही हमी देत नाही. असे असूनही पृच्छकाला खरा साजेसा मंत्र हाच. खोटे बोलण्याची मोकळीक असलेला माणूस कोणत्या ठिकाणी खोटे बोलतो, ह्यातच त्याला काय लपवावयाचे आहे ते प्रकट होते. निषेधाने ही साक्षच बुजते आणि हाती केवळ मौन उरते. 'पाथफाइंडर' खेळातील 'इन्क्विझिटर' ह्या वर्गाला (२०१०) पाचव्या पायरीवर हेच सामर्थ्य अंगभूत म्हणून दिलेले आहे. ती योजना मार्मिक होय. उलट, २०१४ च्या खेळाडू-पुस्तिकेत हा मंत्र उरलाच नाही, ही उणीव आहे.

'कमांड' ह्या पहिल्या पातळीच्या मंत्राविषयी थोडेच सांगावयाचे आहे. त्यात आज्ञा एका शब्दाची हवी, आणि ऐकणाऱ्याला ती भाषा समजली पाहिजे. इंग्रजीत 'कन्फेस' हा एक शब्द आहे; मराठीत 'कबूल कर' म्हणावे लागते. संयुक्त क्रियापद हा एक शब्द की दोन, हा वैयाकरणांचा वाद मग खेळाच्या सूत्रधारापुढे येतो! 'बोल' ही आज्ञा निर्विवाद आहे. पण काय बोलावे ते तीत नाही, आणि एका फेरीपुरत्या आज्ञेने कबुलीजबाब मिळेल ही आशाही व्यर्थ.

राहता राहिला 'स्पीक विथ डेड'. तिसऱ्या पातळीच्या ह्या मंत्राने प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. प्रेताला तोंड असले पाहिजे, आणि मागील १० दिवसांत त्यावर हाच मंत्र चाललेला नसावा. उत्तरे त्रोटक, गूढ अथवा तीच तीच येतात. विचारणारा वैरी आहे असे प्रेताने ओळखल्यास खरे बोलण्याचे बंधन त्याच्यावर नाही; जिवंत बंदिवानाला नाकारलेली असत्याची मुभा मृताला अशी मिळते. म्हणून ज्याने त्या माणसाला मारले त्याने स्वतः प्रश्न विचारण्यास बसू नये, दुसऱ्यास बसवावे. आणखी असे की प्रेताला जिवंतपणी येत होत्या तेवढ्याच भाषा येतात. परदेशी मारेकऱ्याच्या प्रेतापुढे पृच्छक स्वतःच्याच भाषेत प्रश्न करू लागला, तर पाचही प्रश्न वाया जाण्याचा संभव आहे. त्यासाठी भाषा उकलणारा 'टंग्ज' हा तिसऱ्याच पातळीचा मंत्र त्याने त्या दिवसापुरता आधी सिद्ध करून ठेवावयास हवा.