भूक, वासना आणि विजयाचे थेंब



जेट्टीवर होड्या लागल्यात, बाजाराची वेळ होत आलीय, आणि तरी तुम्ही इथे बसला आहात. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही.

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "सर, पोरगी जेवत नाय. वरीस झालं. आज चतुर्थी, उद्या एकादशी, परवा पोट दुखतंय. भाच्यानं थेंबांची बाटली आणलीय, विजयाची. भूक लागते म्हणतात. देऊ का?" विजया म्हणजे भांग. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, डॉक्टर नव्हे. आधी डॉक्टरकडे न्या, एवढंच आम्ही सांगितलं, आणि त्यांनी नेलंही. पण त्यांच्या प्रश्नात एक अनुमान दडलेलं होतं. ते हल्ली घरोघरी ऐकू येतं, म्हणून आज ते तपासून पाहू.

अनुमान असं : भांगेने भूक लागते, मुलगी खात नाही, म्हणून भांगेने ती खाईल. वरवर बिनचूक वाटतं. पण यात एक पायरी न बोलता गृहीत धरली आहे, ती म्हणजे मुलगी खात नाही, कारण तिला भूक नाही. हे कुणी पाहिलं? नैयायिक अशा हेतूला 'असिद्ध' म्हणतात. ज्याच्यावर सगळी इमारत उभी, तेच सिद्ध केलेलं नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनी इथे फार बारकाईने पाहिलं होतं. टीकाकार भोजाचा एक भेद देतात. घास तोंडात घातला पण चव लागत नाही, तो अरोचक. अन्न आठवलं, पाहिलं, शिवलं तरी तिटकारा येतो, तो भक्तद्वेष. राग, भय यांनी अन्नावर इच्छाच राहत नाही, तो अभक्तच्छंद. आपण घरात हेच बोलतो की! "तोंडाला चव नाही", "अन्न समोर नको", "अन्नावरची वासना उडाली." तीन वेगळी दुखणी, आणि बाहेरून तिन्हींत ताट तसंच राहतं.

आता ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा विकार पाहा. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३-७४च्या सुमारास हे नाव रूढ केलं. ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. नावच फसवं पडलं, कारण यातल्या बहुतेक रुग्णांना भूक लागते, निदान बराच काळ लागते. ती सहन करणं, तिच्यावर मात करणं, हाच तर आजाराचा गाभा असतो. भूक आहे म्हणूनच तिची भीती आहे! १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार. काहींनी पाककृती जमवायला घेतल्या. उपासमार स्वतःच मन बिघडवते. मग ज्या मुलीला आधीच अन्नाशिवाय दुसरं काही सुचत नाही, तिची भूक आणखी वाढवून आपण तिला मदत करतो, की तिची लढाई अवघड करतो?

प्रयोग काय सांगतात? गांजातल्या टीएचसीचं औषधी रूप म्हणजे ड्रोनाबिनॉल. अमेरिकेत त्याला १९८५ साली केमोथेरपीच्या मळमळीसाठी आणि १९९२ साली एड्समधल्या भूकनाशासाठी मान्यता मिळाली. तिथे हेतू सिद्ध आहे; भूक खरोखरच मेलेली असते. ॲनोरेक्सिया नर्व्होसाची गोष्ट निराळी. १९८३ साली ११ रुग्णांवर टीएचसीची चाचणी झाली. वजनात फायदा दिसला नाही, आणि तिघांना तीव्र मानसिक त्रास झाला. २०१४ साली डेन्मार्कमध्ये दीर्घकाळ आजारी असलेल्या २५ स्त्रियांवर ड्रोनाबिनॉलची चाचणी झाली. चार आठवड्यांत बिनऔषधी गोळीच्या तुलनेत सुमारे पाऊण किलो वजन जास्त वाढलं. पाऊण किलो क्षुल्लक नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. पण अन्नाविषयीचे, देहाविषयीचे विचार मात्र फारसे हलले नाहीत.

उलट बाजूही पाहा. शरीरातल्या ज्या ग्राहीवर गांजा काम करतो, तीच बंद करणारं रिमोनाबंट हे औषध २००६ साली युरोपात स्थूलपणासाठी आलं. वजन घटलं, पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले. २००८ साली ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे भुकेची कळ आणि मनाची कळ वेगळ्या नाहीत. भावप्रकाशाने हे एका दमात सांगितलंय : विजया अग्नी वाढवते, तशी मोह आणि मदही वाढवते. आपले जाहिरातवाले अग्नीपाशी थांबतात. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा, नाही का?

विरुद्ध टोकाच्या मंडळींशीही आमचं जमत नाही. "गांजा म्हणजे गुन्हा, विषय संपला," असं म्हणून चालत नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात बोंडाशिवायची नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांतही भांग विषारी द्रव्यांच्या यादीत, वैद्यकीय देखरेखीच्या अटीवर आहे. संशोधन व्हावं, जरूर व्हावं. पण कायद्याने मिळतं म्हणून औषध लागू पडतं, हीही एक असिद्ध उडीच.

मग करायचं काय? चरकाने उपचाराचे तीन प्रकार सांगितले. त्यांत सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणं, हा स्वतंत्र मानला. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात किशोरवयीन रुग्णांसाठी कुटुंबाला सोबत घेणारा उपचार घडला. तिथे आईबापांना गुन्हेगार धरत नाहीत. मुलीला पुन्हा खातं करण्याचं काम त्यांच्यावरच सोपवतात. हा मार्ग लांबचा आहे, थकवणारा आहे, पण त्याला पुराव्याचा आधार आहे. आणि फार खंगलेल्या माणसाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर हवाच. कुठे जावं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

त्या बाई आज मागे बसल्यात. बाटली कपाटात तशीच आहे म्हणाल्या. पोरगी अजून बरी झालेली नाही. पण परवा रात्री ती आईशेजारी बसून म्हणाली, "आये, भूक लागते गं. खायची भीती वाटते." वर्षभर जे कुणाला माहीत नव्हतं, ते तिने स्वतः सांगितलं. थेंबांची गरज भुकेला नव्हतीच, मंडळी. आता तिच्या भीतीवर उपचार चालू आहेत.

एवढंच. प्रश्न असतील तर विचारा, पण बाजाराला उशीर करू नका.