झोक्याच्या खोलीत काय घडते?

जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंचे ‘सेन्सरी इंटिग्रेशन अँड द चाइल्ड’ हे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. आज शाळाशाळांतून स्वमग्न मुलांसाठी ज्या खोल्या सजू लागल्या आहेत, त्यांतील झोके, गाद्या आणि चाकांच्या फळ्या यांच्यामागचा विचार मुख्यतः एअर्सबाईंचा. म्हणून शिक्षकांनी ते वाचावे; मात्र हातात पेन्सिल घेऊन.

पुस्तकाचा पूर्वार्ध उत्तम आहे. डोळे, कान, त्वचा आपल्याला ठाऊक असतात. पण तोल सांभाळणारा अंतर्कर्ण आणि हातपाय कुठे आहेत ते सांगणारे स्नायू व सांधे यांच्याकडूनही मेंदूला अखंड वार्ता येत असते, हे बाई फार सोपे करून सांगतात. घंटा होताच कान झाकणारे मूल हट्टी नसते. तो आवाज त्याला खरोखरच सोसत नाही. हे निरीक्षण टिकले. संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देण्याला २०१३ साली ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेने स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान दिले.

अडचण पुढे आहे. झोक्यावरच्या हालचालींनी मेंदूतील संवेदनांची जुळणी सुधारते आणि मग शिकणेही सुधारते, असे बाईंचे म्हणणे. ही जुळणी मोजायची कशी? मुलाच्या वागण्यावरून. आणि वागणे असे का? तर जुळणी बिघडली म्हणून! आमच्या प्रयोगशाळेत अशा युक्तिवादाला कोणी चहासुद्धा पाजणार नाही.

प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात? अमेरिकेत २०१४ साली ३२ मुलांवर झालेल्या चाचणीत घरच्यांनी ठरवलेली छोटी उद्दिष्टे उपचार घेणाऱ्या मुलांनी अधिक गाठली. पण प्रगतीचे मोजमाप पालकांच्या सांगण्यावर होते, आणि कोणत्या मुलाला उपचार मिळाला हे पालकांना माहीत होते. ब्रिटनमध्ये २०२२ साली १३८ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मुलांच्या वागण्यात नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

मला अधिक बोलका वाटला तो कार्डिफचा प्रयोग, तोही २०२२ चाच. दिवे आणि आवाज असलेल्या खोलीत ४१ स्वमग्न मुलांना सोडले. बटणे मुलांच्या हाती दिली तेव्हा त्यांचे लक्ष वाढले, तीच ती हालचाल पुन्हापुन्हा करणे कमी झाले. खोली तीच, उपकरणे तीच.

गंमत अशी, की मुलाने स्वतः पुढाकार घ्यावा, त्याच्या आतल्या ओढीने चालावे, हे एअर्सबाईंनीही बजावून लिहिले आहे. खोल्या उभारणारे नेमकी तीच पाने गाळतात. मी पाहिलेल्या एका शाळेत खोली सुंदर होती. किल्ली कार्यालयात. मंगळवारी आणि शुक्रवारी वीस-वीस मिनिटे. बाहेरच्या व्हरांड्यात मात्र, त्या मुलांच्या वर्गाच्या दारावरच, लोखंडी घंटा टांगलेली होती.