निकालापूर्वीची समीक्षा : अडथळ्यांच्या घोडदौडीचे पूर्वपरीक्षण आणि जावळीचा दाखला

टीकेचा व्यवहार सामान्यतः कृती पूर्ण झाल्यानंतर सुरू होतो. काव्य लिहून व्हावे, नाटक रंगभूमीवर यावे, मग टीकाकाराने लेखणी उचलावी, हा क्रम आपण गृहीत धरलेला आहे. परंतु समीक्षेचा एक प्रकार असाही आहे की, जो कृती घडण्यापूर्वीच आपला निर्णय नोंदवतो आणि त्या निर्णयाची कसोटी सूर्यास्तापूर्वी लागते. शर्यतीच्या दिवशी सकाळी प्रसिद्ध होणारे, त्या दिवशी धावणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या संभाव्य यशापयशाचे पूर्वपरीक्षण हा तो प्रकार होय. जुगाराची दासी म्हणून वाङ्मयाभ्यासक त्याला सहसा दाराबाहेर ठेवतात. त्यात समीक्षेचे काही सत्त्व आहे की नाही, आणि असल्यास ते कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी अडथळ्यांची घोडदौड, म्हणजे इंग्रजी परंपरेतील स्टीपलचेस, हा नमुना मुद्दाम निवडला आहे. मुंबईच्या महालक्ष्मी येथील व पुण्याच्या रेसकोर्सवरील शर्यती सपाट मैदानावरच्या. त्यांत वेग, दम आणि पाठीवरचे वजन एवढ्यांचा हिशेब मांडला की परीक्षकाचे बरेचसे काम होते. अडथळ्यांच्या शर्यतीत मात्र पडणे ही शक्यता प्रत्येक उडीशी उभी असते. महाड-पोलादपूरच्या मुलखात असे मैदान नाही, हे उघड आहे. तथापि भूमीमुळे घोड्याचे मोल कसे पालटते, याचा आपल्या इतिहासातील सर्वांत बोलका दाखला याच मुलखाच्या माथ्यावर घडला. त्याकडे शेवटी वळू.

पूर्वपरीक्षणाची आपल्याकडील जुनी परंपरा अश्वशास्त्राची आहे. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथपरंपरेत घोड्याचा रंग, बांधा, दात आणि अंगावरचे भोवरे यांचे तपशीलवार विवेचन असते. गळ्यावरचा देवमण शुभ, अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ, ही समजूत आजही घोडी पाळणाऱ्यांत आढळते. या लक्षणांकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. बांधा आणि दात यांविषयीची लक्षणे घोड्याविषयी काही सांगतात. भोवऱ्यांची लक्षणे मात्र मालकाचे भवितव्य सांगतात. घोडा कसा धावेल, हा प्रश्न बाजूला राहून तो घरी आणला तर धन्याचे काय होईल, याचे उत्तर दिले जाते. शिवाय लक्षण हे एकट्या घोड्याचे असते. समोर दुसरा कोणता घोडा आहे, भूमी कोणती, अंतर किती, यांची दखल त्यात नाही. शर्यत ही मुळातच तुलना असल्यामुळे तुलनेवाचून केलेले गुणवर्णन कितीही सूक्ष्म असले तरी ते परीक्षण ठरत नाही. पात्राचे स्वभावचित्रण स्वतंत्रपणे तपासून नाटकाचा निर्णय देणाऱ्या टीकेचाही दोष हाच आहे.

तुलनेचे तत्त्व शास्त्रशुद्ध करण्याचा आधुनिक प्रयत्न म्हणजे वजनाचा हँडिकॅप. सरस घोड्यावर अधिक वजन चढवून सर्वांना एका पातळीवर आणावयाचे, ही त्यामागील कल्पना. एंट्री येथील ग्रँड नॅशनल ही शर्यत 1839 पासूनची मानली जाते; सुमारे सात किलोमीटर अंतर आणि 30 उड्या असे तिचे आजचे स्वरूप आहे. 1973 साली तीत क्रिस्प या घोड्याने 168 पौंड वजन वाहून बहुतेक सर्व अंतर आघाडी राखली आणि शेवटच्या काही पावलांत 145 पौंड वाहणाऱ्या रेड रमने त्याला पाऊण घोड्याने मागे टाकले. निकालपत्रात रेड रम पहिला आहे. परंतु त्या दिवशी श्रेष्ठ धाव कोणाची, या प्रश्नाचे उत्तर निकालपत्र देऊ शकत नाही. 23 पौंडांचा फरक मनात धरणारा परीक्षकच ते देऊ शकतो. यश आणि गुण यांमधील अंतर ओळखणे हे समीक्षेचे पहिले काम होय, आणि ते येथे आकड्यांनिशी करता येते.

आता उडीकडे वळू. एखादा घोडा इतका भरवशाचा आहे की शंभर उड्यांपैकी नव्याण्णव तो निर्दोष मारतो, असे समजू. प्रत्येक उडी स्वतंत्र मानली तर तीस उड्या सलग पार पडण्याची त्याची शक्यता शंभरांत सुमारे चौऱ्याहत्तर एवढीच उरते. भरवसा शंभरांत अठ्ठ्याण्णवांवर आला तर ती सुमारे पंचावन्नांवर घसरते. म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेला न जाणवणारा एका उडीचा फरक अखेरीस दोन घोड्यांमध्ये केवढी दरी पाडतो! ज्या परीक्षणात घोड्याच्या वेगावर चार वाक्ये आणि त्याच्या उडीवर एक विशेषण असते, ते परीक्षण शर्यतीचे स्वरूपच न कळलेल्या माणसाचे असते. ‘हाच जिंकणार’ हे विधान अडथळ्यांच्या शर्यतीत बहुधा अज्ञानाचे चिन्ह असते. ‘इतरांपेक्षा याची शक्यता अधिक, तरीही हा न जिंकण्याचीच शक्यता जास्त’ हे विधान कानाला दुबळे वाटले तरी प्रामाणिक असते.

येथे एक आक्षेप संभवतो. शक्यतेच्या भाषेत बोलणारा परीक्षक कधीच खोटा ठरत नाही, मग त्याची परीक्षा ती कोणती? या आक्षेपाचा विचार 1967 च्या ग्रँड नॅशनलच्या आधारे करता येईल. त्या वर्षी तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार गमावलेला एक घोडा आडवा आला, मागून येणाऱ्या घोड्यांची एकच गर्दी झाली आणि बराच मागे राहिलेला फॉइनाव्हन हा घोडा वाट काढून पुढे गेला व जिंकला. त्याचा भाव शंभरास एक होता. सकाळी त्याला नगण्य ठरवणारे परीक्षक चुकले काय? माझ्या मते चुकले नाहीत. शंभरांत एकदा घडणारी गोष्ट त्या दिवशी घडली, एवढेच. उलट, निकालानंतर फॉइनाव्हनचे छुपे गुण शोधू लागणारा लेखक मात्र निश्चित चुकतो. परीक्षकाची पारख एका निकालाने होत नसते. त्याने वर्षभर ज्या घोड्यांना पाचांत एक शक्यता दिली, ते खरोखरच पाचांत एकदा जिंकले काय, हे मोजल्याने होते. तेव्हा तो खोटा ठरू शकतो. मात्र त्यासाठी त्याने आपली विधाने मोजता येतील अशा रीतीने आणि निकालापूर्वी लिहिलेली असली पाहिजेत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात अशा पारखीचे जिवंत क्षेत्र बैलगाडा शर्यतीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये घातलेली बंदी, राज्याने 2017 मध्ये केलेली कायद्यातील दुरुस्ती, डिसेंबर 2021 मध्ये मिळालेली परवानगी आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या दुरुस्तीवर केलेले शिक्कामोर्तब, असा या शर्यतींचा अलीकडचा प्रवास आहे. या क्षेत्रातील परिभाषा पाहण्यासारखी आहे. बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पडतात; म्हणजे तुलना समवयस्कांतच करावयाची, हे तत्त्व भाषेतच मुरलेले आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत शर्यतीच्या धावपट्टीलाच ‘घाट’ म्हणतात. पोलादपूरकराला घाट म्हटले की आंबेनळी किंवा कशेडी आठवते; जुन्नर-खेडकडच्या गाडामालकाला चढणीची धावपट्टी आठवते. शब्द एकच, आणि दोन्ही अर्थांत चढाव आहे. बैलाचे नाव घेण्याआधी तो कोणत्या घाटात पळाला, हे विचारणारा माणूस भूमीवाचून गुण नाही, हे जाणत असतो. ही परीक्षा तोंडी असल्यामुळे तिचा लेखी पुरावा मागे राहत नाही आणि निकालानंतर प्रत्येकाचाच अंदाज बरोबर ठरतो, ही तिची उणीव होय.

हा भूमीचा मुद्दा आपल्याला जावळीकडे नेतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चढून गेले की उजव्या-डाव्या हातांना जो दाट रानाचा, खोल दऱ्यांचा प्रदेश लागतो, तेथे 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाचा मोड झाला. सपाट मुलखावर खानाच्या घोडदळाचे पारडे जड होते. त्या दिवशी केवळ संख्या आणि वेग पाहून कोणी पूर्वपरीक्षण लिहिले असते तर ते खानाच्या बाजूने गेले असते. शिवाजी महाराजांनी घोडे मोजण्याबरोबर भूमी मोजली. वाईचे मैदान टाळून भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी ठरली, खानाची फौज पार गावाच्या परिसरात उतरली आणि रानात दबा धरलेल्या पायदळापुढे घोडदळाचा वेग निरुपयोगी ठरला. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेलाही हाच धडा मिळाला.

या दोन्ही प्रसंगांचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. स. म. दिवेकर यांनी ते 1927 मध्ये मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. परमानंदांची समाधी म्हणून ओळखले जाणारे स्थान पोलादपुरातच आहे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. परंतु काव्य हे निकालानंतरचे असते. चरित्रनायक अवतारी पुरुष असल्यावर त्याचा विजय अटळच वाटावा, हा महाकाव्याचा धर्म आहे, आणि परमानंदांनी तो पाळला, यात त्यांचा दोष नाही. दोष आहे तो त्या अटळतेला इतिहास समजणाऱ्या वाचकाचा. विजय अटळ होता असे म्हटले की त्यामागील हिशेबाचे, धोका पत्करण्याचे मोल शून्य होते. भेटीच्या सकाळी प्रतापगडावर निकाल कोणालाही ठाऊक नव्हता, हे विसरणारा वाचक महाराजांचा गौरव करतो असे त्याला वाटते. वस्तुतः तो त्यांची बुद्धी हिरावून घेतो.

के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पैजेच्या इष्टानिष्टतेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. त्या पैजेने बुडालेली घरेही सर्वांच्या माहितीची आहेत. परंतु पारख हे ज्ञान आहे, एवढे मान्य केले तर त्या ज्ञानावर काही बंधनेही येतात. परीक्षण तुलनेने केलेले असावे, भूमीसह केलेले असावे आणि निकालापूर्वी मोजता येईल अशा शब्दांत नोंदलेले असावे. यांत आणखी एकाची भर घालणे अवश्य आहे. अडथळ्याशी पडलेला घोडा कधी कधी पुन्हा उठत नाही. ग्रँड नॅशनलमधील घोड्यांची कमाल संख्या 2024 पासून 40 वरून 34 वर आणली गेली, ती सुरक्षिततेच्याच विचाराने. ‘पडण्याची शक्यता’ हे शब्द लिहिताना परीक्षकाच्या मनात केवळ बुडालेला पैसा असेल, तर त्याने शर्यतीतील सर्वांत मोठी जोखीम कोणाची आहे, हेच ओळखलेले नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थी ग्रंथांची परीक्षणे लिहितात, ती बहुधा लेखकाची कीर्ती ठरून गेल्यावर. त्यांनी एखाद्या नव्या, अनोळखी कवीच्या पहिल्या संग्रहाविषयी आपला निर्णय कारणांसह लिहून, दिनांक घालून ठेवावा आणि दहा वर्षांनी तो उघडून पाहावा. त्या कागदावर जे चुकले असेल, त्यातून त्यांना स्वतःच्या अभिरुचीविषयी जेवढे कळेल, तेवढे मान्यवरांच्या गौरवलेखांतून कळणार नाही.