व्हिसलर : जपानी वस्तू आणि जपानी दृष्टी

व्हिसलरच्या व्यक्तिचित्रांवरील जपानी प्रभावाची चर्चा बहुधा वस्तूंच्या यादीपाशी थांबते : किमोनो, पंखा, चित्रित पडदा, निळी-पांढरी भांडी. १८६३-६५ मधील ‘चिनी मातीच्या देशाची राजकन्या’ या चित्रापुरती ही यादी पुरेशीही आहे. तिथे पौर्वात्यता बव्हंशी वेशभूषेचीच आहे. ‘प्रभाव’ या संकल्पनेचा खरा कस लागतो तो १८६४ च्या ‘द लिटल व्हाइट गर्ल’मध्ये.

शुभ्र मलमलीच्या पोशाखातील जोआना हिफरनन शेकोटीवरील फळीला रेलून उभी आहे. हातात जपानी पंखा, फळीवर लाखेचे तांबडे भांडे व निळी-पांढरी बरणी, खालच्या कोपऱ्यात अझेलियाची गुलाबी फुले. पंख्यातील तांबडा आणि निळा फळीवर पुन्हा भेटतात. तांबड्याचाच फिका पडसाद फुलांत उमटतो. रंग कॅनव्हासवर भरतकामासारखे असावेत, एकच धागा ठिकठिकाणी वर यावा आणि जपानी कलावंतांना हे उमगले होते, असे व्हिसलरने फाँतँ-लातूरला १८६८ साली लिहिले. म्हणजे सिद्धान्त मागाहून आला, कृती आधीची. मर्ढेकरांच्या संवादलयीशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये.

‘सिम्फनी इन व्हाइट, क्रमांक ३’ हे १८६७ मध्ये प्रदर्शित झालेले चित्र नावातच संगीत मिरवते. त्यात पांढऱ्याखेरीज इतर रंगही आहेत, अशी तक्रार हॅमर्टनने केली. एका स्वरातील सिम्फनीत तोच एक स्वर असतो काय, हा व्हिसलरचा प्रतिप्रश्न बिनतोड होता. परंतु त्याने अडचणीचा प्रश्न मिटत नाही : या संवादात माणसाचे स्थान कोणते?

आधीच्या चित्रात आरशातील चेहरा रंगमेळात विरघळत नाही. तो काळवंडलेला, श्रांत आहे; बोटातली अंगठी नसलेल्या विवाहाची कथा सुचवते. १८६५ च्या प्रदर्शनात स्विन्बर्नची कविता चौकटीवर चिकटवली होती, हेही विसरता येत नाही. कथनाला चित्राबाहेर घालवू पाहणाऱ्या चित्रकाराने ते स्वतःच आत घेतले होते! क्रमांक ३ मधील दोन स्त्रिया मात्र सोफा, पंखा आणि फुले यांच्याच पातळीवर येतात. मेळ अधिक निर्दोष झाला आहे. आरसा त्यात नाही.