प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि नगरपरिषद : ग्लासगोचा दाखला

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे मूल्यमापन करताना केवळ पक्षांच्या जागांचा हिशेब पुरेसा नाही. २००३ साली ग्लासगो नगरपरिषदेच्या ७९ पैकी ७१ जागा मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मतांवर मिळाल्या होत्या. पुढे स्कॉटलंडने २००४ च्या कायद्यान्वये तीन-चार सदस्यांचे प्रभाग व पसंतीक्रमाने द्यावयाचे एकल संक्रमणीय मत स्वीकारले. २००७ मध्ये त्या पक्षाच्या जागा ४५ वर आल्या. विरोधकांना परिषदेत खरे स्थान लाभले. तथापि मतपत्रिकेवरील नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापली जात असल्याने, एकाच पक्षाच्या उमेदवारांपैकी ज्याचे नाव वर, त्यालाच बहुधा पहिली पसंती अधिक मिळाली. सारांश, पक्षापक्षांतील अन्याय पुष्कळसा दूर झाला. सहकाऱ्यांमधील निवडीत मात्र आद्याक्षराला अकारण महत्त्व आले. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी ही उणीव गौण मानणे युक्त नव्हे.