डाव आणि उच्चार : 'झ्य दाँफाँ'मधील प्रेमाची भाषा

यान सामुएल यांचा 'झ्य दाँफाँ' (२००३) हा फ्रेंच चित्रपट ताटातूट झालेल्या प्रेमिकांची कहाणी म्हणून पाहता येतो. मात्र असे पाहिल्यास त्यातील ब्लॅक कॉमेडीचे मर्म निसटते. ज्युलियाँ आणि सोफी यांच्या मीलनाआड मुख्यतः कोणी तिसरा येत नाही. आड येते ती त्यांनी बालपणी घडवलेली भाषा.

सोफी शाळेत पोलिश म्हणून हिणवली जाते. ज्युलियाँची आई दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे. या दोन असहाय मुलांना एक पत्र्याचा डबा एकत्र आणतो. डबा ज्याच्या हाती, त्याने आव्हान द्यायचे; दुसऱ्याने ते पार पाडून डबा मिळवायचा. 'काप उ पा काप?' हा त्यांचा परवलीचा प्रश्न. 'काप' हे 'समर्थ' या अर्थाच्या फ्रेंच विशेषणाचे बोलीतील लघुरूप आहे. ज्यांच्या हाती काहीच नाही, त्यांना खेळ सामर्थ्य देतो. म्हणूनच मोठेपणी तो सोडवत नाही.

योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळाचे एक लक्षण सांगितले आहे : खेळ स्थळकाळाच्या मर्यादेत चालतो आणि व्यवहारापासून अलग राहतो. प्रस्तुत चित्रपटात ही मर्यादाच पुसली जाते. लुटुपुटूचे काय आणि खरे काय, हे सांगणारी रेषा उरत नाही. परिणामी प्रेमाची कबुलीही डावातली एक चाल ठरते. ज्युलियाँ सोफीला लग्नाची मागणी घालत असल्याचा आभास निर्माण करतो. प्रत्यक्षात त्याचे लग्न दुसरीशी ठरलेले असते. पुढे त्या लग्नविधीतच सोफी व्यत्यय आणते.

येथे जे. एल. ऑस्टिन यांच्या वाक्कृतीच्या विचाराचे स्मरण होते. विवाहातील संमतीचा उच्चार हे त्यांनी कृतिरूप उक्तीचे दिलेले प्रसिद्ध उदाहरण. रंगभूमीवर केलेला असा उच्चार पोकळ ठरतो, म्हणून त्यांनी तो आपल्या विवेचनाबाहेर ठेवला. देरिदांचा आक्षेप असा की, पुनरुच्चाराची शक्यता हीच प्रत्येक उक्तीची पूर्वअट असल्याने असा उच्चार बाहेर ठेवता येत नाही. हा वाद ज्युलियाँ आणि सोफी जगतात. 'हे खरे' असे सांगण्यासाठीही त्यांच्याजवळ डावाचेच शब्द आहेत. पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या आवाजांत ऐकू येणारे 'ला व्ही आँ रोझ' हे गीतही याच अवस्थेचा प्रतिध्वनी होय : प्रत्येक आवर्तनात ते अधिक परिचित होते, आणि तितकेच कमी विश्वसनीय.

शेवट या दृष्टीने वाचावा लागतो. बांधकामाच्या जागी, अंगावर ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमध्ये दोघे चुंबनबद्ध अवस्थेत गाडली जातात. ओठ असे मिटले की उच्चाराचा प्रश्नच संपतो. ज्याला प्रतिचाल नाही अशी ही एकमेव चाल. या शेवटाशेजारी चित्रपट वार्धक्यातही खेळकर राहिलेल्या जोडप्याचे दृश्य ठेवतो. दोन शेवटांपैकी खरा कोणता, हा प्रश्न गौण आहे. डाव संपवून एकत्र राहण्याची तिसरी शक्यता या भाषेत मांडताच येत नाही, हे महत्त्वाचे.

चित्रपटाची मर्यादाही येथेच दिसते. पती, पत्नी, मुले, वडील ही सारी माणसे डावाची सामग्री होतात. ब्लॅक कॉमेडीने अशा क्रौर्यावर हसवावे, यात गैर नाही. पण त्या हसण्याची किंमत कोण मोजतो, हेही तिने दाखवावे लागते. सामुएल यांची रंगांनी ओसंडणारी, परीकथेसारखी दृश्यरचना ही किंमत झाकते. कॅमेरा नायक-नायिकेच्या नजरेशी इतका एकरूप होतो की, त्यांच्या खेळाबाहेर उभे राहून पाहणारे कोणी उरत नाही. प्रेमाच्या आत्ममग्नतेचे निदान करणारी ही कृती त्याच आत्ममग्नतेच्या मोहात सापडते. तिचे आकर्षण आणि तिचे अपयश यांचे मूळ एकच आहे.