चालत्या कॅमेऱ्याचे स्थैर्य : स्टेडिकॅमच्या कार्यपद्धतीचा विचार

चित्रपटसमीक्षेत साधनांचा विचार बहुधा उपेक्षितच राहतो. कथा, अभिनय, दिग्दर्शन आणि संगीत यांची चर्चा झाली, की छायालेखनाविषयी एखाददुसरे प्रशंसेचे वाक्य लिहून समीक्षक मोकळा होतो. कॅमेरा पात्रांच्या मागोमाग दीर्घकाळ आणि कोठेही न हिसकता फिरला असेल, तर त्याचे श्रेय ‘स्टेडिकॅम’ नामक यंत्राला देऊन तो विषय निकालात काढला जातो. या समजुतीच्या मुळाशी दोन गृहीते आहेत. स्थैर्य हा यंत्राचा गुण आहे, हे पहिले. आणि अशा चित्रणाचे सारे मोल त्या स्थैर्यात किंवा त्याच्या लांबीत आहे, हे दुसरे. ही दोन्ही गृहीते तपासाला टिकत नाहीत. आणि ती निमूटपणे स्वीकारली गेल्यामुळेच एका अवघड कलाकर्माचे मूल्यमापन चुकत आले आहे. हे दाखविण्यासाठी प्रथम साधनाकडे व ते वापरणाऱ्याच्या कार्यपद्धतीकडे वळावे लागेल.

कॅमेऱ्याला गती देण्याची इच्छा चित्रपटाइतकीच जुनी आहे. रुळांवरून चालणारी ट्रॉली आणि उंच नेणारी क्रेन ही त्या इच्छेची पहिली समर्थ साधने. परंतु रूळ टाकावयास सपाट जमीन लागते, ते चौकटीत दिसून चालत नाहीत, आणि जिन्यावर अथवा दाटीच्या गर्दीत ते टाकताच येत नाहीत. उलटपक्षी, कॅमेरा हाती घेतला की वाटेल तेथे जाता येते. पण पावलागणिक बसणारा हिसका पडद्यावर उमटतो. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राऊन यांनी १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या पेचातून वाट काढली. १९७६ साली प्रदर्शित झालेल्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’, ‘मॅरेथॉन मॅन’ आणि ‘रॉकी’ या तीन चित्रपटांतून त्यांचे साधन प्रथम लोकांसमोर आले. १९७८ साली त्यांना आणि निर्मात्या सिनेमा प्रॉडक्ट्स कंपनीच्या अभियंत्यांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले.

या साधनाचे तीन घटक आहेत. ऑपरेटरच्या अंगावर घट्ट बसणारे जाकीट हा पहिला. ते भाराचा मोठा वाटा कमरेच्या हाडांवर नेऊन सोडते. दुसरा घटक म्हणजे त्या जाकिटाला जोडलेला, सांध्यावर दुमडणारा, स्प्रिंगांचा बाहू. त्यांचा ताण वाहावयाच्या वजनाइतका जुळविला, की ते वजन अधांतरी तरंगल्यासारखे होते आणि बोटाच्या दाबाने वरखाली करता येते. तिसरा घटक उभ्या दांड्याचा. त्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा असतो, खालच्या टोकाला बॅटरी आणि चित्र दाखविणारा छोटा पडदा. दांडा बाहूला जेथे जोडलेला असतो, तेथे सर्व दिशांनी सहज फिरणारा गिंबल बसविलेला असतो. सर्व मिळून हा भार २० ते ३० किलोपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भरतो.

यांपैकी बाहूचे कार्य समजावयास सोपे आहे. डोक्यावर घागर घेऊन पाणवठ्यावरून परतणारी स्त्री गुडघ्यांनी आणि कमरेने पावलांचे हिसके जिरविते, म्हणून घागरीतले पाणी डचमळत नाही. तेच काम येथे स्प्रिंगा करतात. दांड्याचे कार्य याहून सूक्ष्म आहे. दोरीवरून चालणारा डोंबारी हाती लांब काठी घेतो, कारण वजन मध्यापासून दूर पसरले की वस्तू फिरविण्यास अधिक बळ लागते आणि ती मंदगतीने फिरते. कॅमेरा वर आणि बॅटरी खाली अशी वजनाची फाळणी करण्यामागे हेच तत्त्व आहे. दांड्याचा आणि कॅमेऱ्याचा एकत्रित गुरुत्वमध्य एरवी यंत्राच्या पोटात दडलेला असतो. या मांडणीने तो दांड्यावर, म्हणजे हाताने धरता येईल अशा जागी आणला जातो. गिंबल त्याच्या किंचित वर बसविला, की दांडा आपोआप उभा राहू पाहतो.

येथवर वर्णन यंत्राचे झाले. आणि येथेच पहिले गृहीत कोसळू लागते. या रचनेत स्थैर्य उत्पन्न करणारे असे काहीही नाही. ती फक्त देहाची हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही. जे पोहोचत नाही ते नाहीसे होते, हे खरे. परंतु कॅमेऱ्याने कोठे पाहावे, केव्हा वळावे, किती वेगाने थांबावे, हे त्या रचनेला ठाऊक नसते. अशा अलिप्त झालेल्या कॅमेऱ्याला इष्ट दिशा देणे हे ऑपरेटरचे काम होय, आणि ते तो दोन-तीन बोटांनी करतो. एक हात बाहूच्या टोकाशी असतो व जागा आणि उंची ठरवितो. दुसरा गिंबलजवळ दांड्याला केवळ स्पर्श करून दिशा ठरवितो. हा स्पर्श घट्ट झाला, की अलिप्तता संपली आणि देहाचा कंप पुन्हा चित्रात शिरला. म्हणून या कलेत बळापेक्षा बळाचा संयम अधिक महत्त्वाचा ठरतो.

संतुलन साधण्याच्या पद्धतीवरून हे अधिक स्पष्ट होईल. चित्रणापूर्वी ऑपरेटर दांडा आडवा धरून सोडतो आणि तो उभा होण्यास किती वेळ लागतो ते पाहतो. दोन-तीन सेकंद हा सर्वसाधारण काळ मानला जातो. दांडा खालच्या बाजूस जड ठेवला, तर तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा चटकन उभा राहतो आणि क्षितिज सरळ राखणे सोपे जाते. परंतु ओळंब्याचा दोषही त्याच्यात येतो. ऑपरेटर पुढे निघाला की खालचे टोक मागे रेंगाळते आणि भिंग खाली झुकते. तो थांबला की खालचे टोक पुढे जाते आणि भिंग वर उचलले जाते. कोपऱ्यावर वळताना क्षितिज कलते. खालचा जडपणा कमी केला तर हा दोष ओसरतो, पण दांडा स्वतःहून उभा राहीनासा होतो आणि क्षितिजाचा सारा भार बोटांवर येतो. म्हणजे आधार आणि स्वातंत्र्य यांपैकी किती काय घ्यावयाचे, याचा निर्णय प्रत्येक चित्रणाच्या स्वरूपानुसार करावा लागतो. धावण्याच्या प्रसंगाला एक संतुलन योग्य, संथ संवादाला दुसरे. हा निर्णय तांत्रिक दिसला तरी तो अर्थनिर्णयच आहे. कारण प्रसंगाची गती आणि तिचे विरामबिंदू आधी उमगल्याखेरीज तो घेता येत नाही.

चालण्याची गोष्टही अशीच आहे. ऑपरेटर नेत्रिकेला डोळा लावीत नाही; तो खालच्या पडद्यावर चित्र पाहतो आणि नजरेच्या कडेने वाट जोखतो. पात्रे समोरून येत असतील तर त्याला मागे मागे चालावे लागते. किंवा स्वतः पुढे पाहून चालावे आणि कॅमेरा मात्र मागे रोखावा लागतो. दोन्ही प्रसंगी पाठीवर हात ठेवून वाट दाखविणारा एक सहायक त्याचे डोळे होतो. दोन्ही हात गुंतलेले असल्याने भिंगाचा फोकस दुसरा सहायक दुरून, बिनतारी यंत्राने सांभाळतो. चौकट एकाच्या हाती, तिची सुस्पष्टता दुसऱ्याच्या हाती आणि पावलांची सुरक्षितता तिसऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी आहे. प्रेक्षकाला जी एकच सलग दृष्टी वाटते, ती वस्तुतः या तिघांच्या एकमेकांवरील विश्वासातून घडलेली असते. दोन टेकांच्या मध्ये भार स्टँडवर उतरवून ठेवणे ही चैन नव्हे. थकलेल्या पाठीची पहिली खूण क्षितिजाच्या कलण्यात दिसते, हे जाणून पाळलेला तो नियम आहे.

या कौशल्याची सीमा किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटात आहे. अरण्यातून भरधाव जाणाऱ्या वाहनांच्या पाठलागाची पार्श्वभूमी ब्राऊन यांनी रेडवुड वृक्षांच्या वनात चालत जाऊन चित्रित केली. त्यावेळी कॅमेरा सेकंदाला एकाहूनही कमी चौकटी टिपीत होता. प्रक्षेपण मात्र सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने होणार होते. साहजिकच चालण्याचा वेग वाढला, तसाच चालण्यातला प्रत्येक दोषही २४ पटींहून अधिक वेगाने पडद्यावर उमटणार होता. तो उमटला नाही, याचे श्रेय केवळ स्प्रिंगांना देणे न्यायाचे होणार नाही.

आता दुसऱ्या गृहीताकडे वळू. स्थैर्य हेच या चित्रणाचे सार असते, तर ट्रॉली त्याच्यापेक्षा सरस ठरली असती. रुळावरील कॅमेरा अधिक अचूक थांबतो. स्टेडिकॅमचे वैशिष्ट्य निराळे आहे. त्याच्या दृष्टीला चालणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य असते, पण चालण्याच्या खुणा नसतात. ती दृष्टी देहधारी आहे, असे जाणवते. तो देह कोणाचा, हे मात्र कळत नाही. या संदिग्धतेचा उपयोग ज्या दिग्दर्शकाने जाणून केला, त्याच्याच कृतीत हे साधन अर्थपूर्ण झाले.

हॅल अ‍ॅशबी यांच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’मध्ये ब्राऊन क्रेनवरून खाली उतरतात आणि तेथून पाऊल बाहेर टाकून स्थलांतरितांच्या छावणीतील गर्दीत चालू लागतात. उंचावरून दिसणारा जनसमूह आणि त्यात शिरल्यावर दिसणारी माणसे यांच्यामध्ये तोड पडत नाही. वुडी गथ्रीच्या चरित्रपटात हे केवळ कौशल्याचे प्रदर्शन राहत नाही. कवीने समूहात उतरण्याचा आशय त्या उतरण्यातच प्रकट होतो. छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांना या चित्रपटासाठी अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या यशात ऑपरेटरच्या पावलांचा वाटा आहे, हे समीक्षेने क्वचितच नोंदविले.

स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) हीच दृष्टी भयाचे साधन होते. तीनचाकीवरून हॉटेलच्या रिकाम्या दालनांतून फिरणाऱ्या मुलाच्या मागे कॅमेरा जमिनीलगत सरकत राहतो. दांडा उलटा करून कॅमेरा खाली आणण्याची पद्धत येथे उपयोगी पडली, आणि वेग राखण्यासाठी चाकांच्या खुर्चीचाही आधार घेण्यात आला. ध्वनीत मात्र चाके लाकडी भूमीवर गडगडतात आणि गालिच्यावर एकदम मूक होतात. भूमीतला हा फरक कानाला कळतो, डोळ्याला तो जाणवतच नाही. मुलाला जमीन आहे, पाठलाग करणाऱ्या दृष्टीला नाही. भयाचा उगम या विसंगतीत आहे. येथे स्थैर्य सुखद नसून अमानुष आहे. ‘कॅमेरा सहजपणे तरंगतो’ अशी स्तुती करणाऱ्या समीक्षकाच्या हातून नेमका हाच अर्थ निसटतो.

लांबीच्या मोहाचा विचार करताना दोन कृती शेजारी ठेवणे उद्‍बोधक ठरेल. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘गुडफेलाज’मध्ये (१९९०) ऑपरेटर लॅरी मॅक्काँकी नायक-नायिकेच्या मागोमाग कोपाकबाना क्लबच्या मागल्या दाराने, स्वयंपाकघरातून, थेट रंगमंचासमोरील टेबलापर्यंत जातात. हे चित्रण सुमारे ३ मिनिटांचे आहे. प्रत्येक दार नायकासाठी उघडते, कोणीही त्याला अडवीत नाही. तोड न पडणे हाच त्याच्या सत्तेचा पुरावा होतो आणि नायिकेबरोबर प्रेक्षकही त्या सत्तेला भुलतो. अलेक्झांडर सोकुरोव्ह यांचा ‘रशियन आर्क’ (२००२) त्याच्या कितीतरी पुढे जातो. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात टिल्मान ब्युटनर यांनी सुमारे दीड तासाचा संपूर्ण चित्रपट एकाच टेकमध्ये चित्रित केला. आधीचे तीन प्रयत्न अपुरे राहिले होते. शारीरिक पराक्रम म्हणून त्याला तोड नाही. परंतु पराक्रम हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. या चित्रपटात इतिहासाच्या दालनांतून वाहणारी अदृश्य निवेदकाची दृष्टी आणि ऑपरेटरचे अविरत चालणे यांचे नाते अनेक ठिकाणी दृढ आहे. तेथे लांबी आशयरूप होते. जेथे कॅमेरा केवळ पुढच्या दालनापर्यंत पोहोचण्यासाठी चालतो, तेथे ती नुसती लांबीच राहते. शिवाय चित्रण एकसंध असले तरी त्यावर नंतर संगणकीय संस्कार झाले, हे लक्षात घेता ‘अखंडता म्हणजे अकृत्रिमता’ हे समीकरणही सोडून द्यावे लागते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. २०१३पासून मोटारींवर चालणारे गिंबल प्रचारात आले आहेत; कंप ओळखून ते क्षणार्धात विरुद्ध दिशेला फिरतात. मग ऑपरेटरच्या साधनेचे प्रयोजन काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. मोटारी कॅमेऱ्याचे कलणे आणि फिरणे रोखतात. पावलागणिक होणारे वरखाली हलणे त्या रोखू शकत नाहीत. त्यासाठी पुन्हा स्प्रिंगांचा बाहू लागतो, नाही तर शिकविलेले गुडघे. म्हणूनच दोन्ही तत्त्वांचा संयोग करणारी ट्रिनिटीसारखी साधने निघाली आणि सॅम मेंडिस यांच्या ‘१९१७’मध्ये (२०१९) त्यांचा उपयोग झाला. पण अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की यंत्राने सारा कंप नाहीसा केला तरी केव्हा थांबावे, पात्राला किती अंतर द्यावे आणि एखाद्या चेहऱ्यावर अर्धा क्षण अधिक का रेंगाळावे, हे प्रश्न शिल्लक राहतातच. किंबहुना, स्थैर्य स्वस्त झाल्यानंतर तेवढेच प्रश्न शिल्लक राहतात.

तात्पर्य, चालत्या कॅमेऱ्याचे परीक्षण करणाऱ्याने तो किती वेळ चालला, हे प्रथम विचारू नये. चित्रणात प्रत्येक थांबण्याला प्रसंगातून कारण मिळाले आहे काय, पाहणाऱ्या दृष्टीला कोणाचा देह कल्पिला आहे, आणि क्षितिज कलले असेल तर ते हेतूने की थकव्याने, हे प्रश्न आधी यावेत. त्यांची उत्तरे देताना समीक्षकाला साधनाचा भार, बोटांचा स्पर्श आणि पाठीवरचा सहायकाचा हात यांची माहिती असावीच लागेल. काव्याच्या अभ्यासकाला छंदाचे ज्ञान जितके आवश्यक, तितकेच हे ज्ञान चित्रपटाच्या अभ्यासकाला आवश्यक होय. ते आले म्हणजे श्रेयनामावलीत दूरवर सरकून जाणारे एक नाव थांबून वाचण्याची सवयही त्याला लागेल.